चातुर्मासातला समुद्र



आषाढात लावणीच्या दिवसांत दहिवलीच्या परिसरातील कोणत्याही भातखाचराकडे लक्षपूर्वक पाहिले, तर चिखलाचे दोन रंग दिसतात. वरचा काही मिलिमीटरांचा थर तांबूस-तपकिरी असतो. त्याच्या खाली बोटभर गेले की चिखल राखाडी, निळसर, क्वचित काळा होतो. रोप खोचण्यासाठी हात आत गेला की खालून बुडबुडे येतात आणि कधीकधी कुजक्या अंड्यासारखा वास सुटतो. शेतकऱ्याला यात नवल वाटत नाही. परंतु या दोन रंगांच्या मधली रेषा ही निसर्गातील एक फार महत्त्वाची सीमा आहे. रेषेच्या वर पाण्यात विरघळलेला प्राणवायू आहे. रेषेच्या खाली तो नाही. तरीही खाली जीवन थांबलेले नसते, ते केवळ वेगळ्या रीतीने श्वास घेऊ लागते.

या लेखात ज्याविषयी लिहावयाचे आहे, ते या खाचरात घडते त्याचेच विराट रूप आहे. पावसाळ्याच्या याच महिन्यांत आपल्या पश्चिम किनाऱ्यासमोरच्या समुद्रात, पृष्ठभागापासून फार खोल नव्हे, अवघ्या काही मीटरांखाली, प्राणवायू संपत जातो. आषाढात आरंभ होतो, भाद्रपद-आश्विनात ही अवस्था टोकाला पोहोचते आणि कार्तिकाच्या सुमारास ओसरते. म्हणजे आपला चातुर्मास आणि समुद्राचा हा कोंडमारा जवळजवळ एकाच काळात येतात. भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगत असा प्रदेश सुमारे १.८ ते २ लाख चौरस किलोमीटरांचा आहे, असे समुद्रशास्त्रज्ञांचे गणित सांगते. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ ३.०८ लाख चौरस किलोमीटर आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या विस्ताराची कल्पना येईल. नैसर्गिकरीत्या निर्माण होणाऱ्या अशा किनारी प्रदेशांत हा जगातील सर्वांत मोठा गणला जातो.

प्रथम प्राणवायूचा हिशेब पाहू. आपण ज्या हवेत श्वास घेतो, तिच्या एका लिटरमध्ये सुमारे २७० मिलिग्रॅम प्राणवायू असतो. हवेशी पूर्ण घुसळलेल्या गोड्या पाण्याच्या एका लिटरमध्ये तो सात-आठ मिलिग्रॅम असतो, आणि समुद्राच्या कोमट खाऱ्या पाण्यात सहा-साडेसहा. जलचर मुळातच असे काटकसरीचे आयुष्य जगत असतात. लिटरमागे दोन मिलिग्रॅमच्या खाली प्राणवायू उतरला की बहुतेक माशांना ते पाणी सोडावे लागते. आता या पाण्यात वरून मृत वनस्पतिकण, जीवांचे अवशेष, मलमूत्र असे काही पडू लागले, तर जिवाणू ते खातात आणि खाताना प्राणवायू वापरतात. वरून नवी हवा मिसळत असेल तर तूट भरून निघते. मिसळणे थांबले तर साठा संपतो.

साठा संपल्यावर काय होते, हा या विषयाचा गाभा आहे. अन्न जाळून बळ मिळवायचे तर प्राणवायू हवा. तो मोकळा मिळत नसेल, तर ज्या संयुगांत तो बांधलेला आहे, त्या संयुगांकडे जिवाणू वळतात. त्यांचा क्रम ठरलेला आहे आणि तो मिळणाऱ्या बळाच्या उतरत्या हिशेबाने लागतो. सर्वांत आधी नायट्रेट, कारण त्यातून मिळणारे बळ मोकळ्या प्राणवायूच्या जवळपास असते. त्यानंतर मँगनीज आणि लोखंड यांचे गंजासारखे क्षार. खाचरातला तांबूस चिखल राखाडी होतो तो याच टप्प्यावर. त्यानंतर सल्फेट, ज्यातून फारच थोडे बळ मिळते आणि ज्याचा अवशेष म्हणून कुजक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू बाहेर पडतो. सरतेशेवटी मिथेनचा टप्पा. खाचरातले बुडबुडे बहुतांशी त्याचेच.

समुद्राच्या पाण्यात या साठ्यांचे प्रमाण किती विषम आहे, ते पाहण्यासारखे आहे. प्राणवायू लिटरमागे फार तर सहा-साडेसहा मिलिग्रॅम. खालून वर येणाऱ्या पाण्यात नायट्रेट जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम. सल्फेट मात्र सुमारे २७०० मिलिग्रॅम. म्हणजे प्राणवायू संपल्यानंतर नायट्रेटचा टप्पा हा एक अरुंद उंबरठा आहे. तो ओलांडला की पुढे सल्फेटचे अक्षरशः न संपणारे कोठार उघडते, आणि ते उघडले की विषारी वायू तयार होऊ लागतो. आपल्या किनाऱ्यासमोरचा समुद्र दरवर्षी या उंबरठ्यापर्यंत येतो. काही वर्षी तो अलीकडेच थांबतो, काही वर्षी पलीकडे पाऊल टाकतो. हे पाऊल कशावर अवलंबून असते, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

आता समुद्रात हे का घडते, ते समजून घेऊ. अरबी समुद्राच्या मध्यभागी सुमारे दीडशे मीटरांपासून हजार मीटरांपर्यंत प्राणवायू जवळजवळ नसलेल्या पाण्याचा एक जाड थर बाराही महिने असतो. १९३३-३४ साली ‘मबाहिस’ या इजिप्शियन जहाजावरून निघालेल्या जॉन मरे मोहिमेने या समुद्रातील प्राणवायूची मोजमापे केली, तेव्हापासून त्याची नोंद आहे. पावसाळ्यात नैर्ऋत्य वाऱ्यांच्या काळात आपल्या किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहू लागतो. पृथ्वीच्या परिवलनामुळे पृष्ठावरचे पाणी किनाऱ्यापासून दूर ढकलले जाते आणि त्याची जागा घ्यायला खालचे थंड पाणी किनाऱ्याच्या उतारावरून वर चढते. हे पाणी पोषकद्रव्यांनी संपन्न असते, परंतु प्राणवायूच्या बाबतीत आधीच दरिद्री असते.

पोषक पाणी उजेडात आले की सूक्ष्म वनस्पतींना बहर येतो. हा बहर पुढे मरतो, खाली बसतो, कुजतो, आणि उरलासुरला प्राणवायूही खर्ची पडतो. त्यातच वरून पावसाचे आणि नद्यांचे गोडे पाणी येते. गोडे पाणी हलके. ते खाऱ्या थंड पाण्यावर काही मीटर जाडीच्या झाकणासारखे पसरते. वाऱ्याला हे झाकण सहज मोडता येत नाही, आणि हवा खाली पोहोचत नाही. सह्याद्रीच्या या पश्चिम उतारावर धो-धो कोसळणारा पाऊस, ज्याने आपली खाचरे भरतात आणि उल्हास दुथडी भरून वाहते, तोच पाऊस साऱ्या कोकणच्या नद्यांतून समुद्रावर जाऊन असा पसरतो. वरून पाहणाऱ्याला समुद्र खवळलेला, फेसाळलेला, हवेने भरलेला वाटतो. पण खाली पाच-दहा मीटरांवर चित्र वेगळे असते.

ही गोष्ट आपल्या दारातली आहे, याचा एक जुना पुरावा मुंबईचा आहे. १९५९ साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत कॅरथर्स, गोगटे, नायडू आणि लेवास्तू या चौघांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. मुंबईसमोरच्या समुद्रात अल्प-प्राणवायूचा थर उतार चढून किनाऱ्याकडे सरकतो आणि त्याचा परिणाम समुद्रजीवनावर, विशेषतः मासेमारीवर होतो, असे त्यांनी मांडले. त्याच वर्षी कार्ल बान्झे यांनी कोचीकडच्या समुद्राविषयी हेच दाखवले: तळाचे पाणी वर आले की तळाशी ओढलेल्या जाळ्यांत मासे मिळेनासे होतात, कारण मासे तेथून निघून गेलेले असतात. कोळी बांधवांना जो अनुभव पिढ्यान्‌पिढ्या होता, त्याचे कारण अशा रीतीने कागदावर आले.

पुढचा मोठा टप्पा गोव्याचा. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १ जानेवारी १९६६ रोजी स्थापन झाली. या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९९७ पासून कांदोळीसमोर, किनाऱ्यापासून नावेने सहज पोहोचता येईल अशा, पंचवीस-तीस मीटर खोलीच्या जागी वारंवार जाऊन पाणी मोजण्याचा नेम धरला. पावसाळ्यातल्या समुद्रात लहान नौकेतून असे काम करणे सोपे नाही. पण या चिकाटीमुळेच ऋतूंचा क्रम स्पष्ट झाला: जून-जुलैत प्राणवायू घटतो, ऑगस्टमध्ये नायट्रेट खर्ची पडू लागते, सप्टेंबर-ऑक्टोबरात तळालगतच्या पाण्यात हायड्रोजन सल्फाइड सापडतो. खाचरातल्या चिखलात जो क्रम काही सेंटीमीटर खोलीत दिसतो, तो येथे महिन्यांच्या अंतराने उलगडतो.

नोव्हेंबर २००० मध्ये डॉ. सय्यद वजीह अहमद नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध ‘नेचर’मध्ये आला आणि जगभरच्या समुद्रशास्त्रज्ञांचे लक्ष आपल्या किनाऱ्याकडे वळले. त्यांना या पाण्यात नायट्रस ऑक्साइड हा वायू समुद्रात सामान्यतः आढळतो त्याच्या कैक पटींनी सापडला होता. हा वायू कोठून आला, ते समजण्यासाठी नायट्रेटच्या प्रवासाकडे पाहावे लागेल. जिवाणू नायट्रेटपासून नत्रवायू बनवतात, परंतु एका उडीत नव्हे. आधी नायट्राइट, मग नायट्रिक ऑक्साइड, मग नायट्रस ऑक्साइड आणि शेवटी आपल्या हवेत विपुल असलेला निरुपद्रवी नत्रवायू, अशा या पायऱ्या आहेत. शेवटची पायरी ज्या विकराच्या साहाय्याने चढली जाते, ते विकर प्राणवायूच्या बाबतीत सर्वांत नाजूक आहे. प्राणवायू पूर्ण संपलेला नाही आणि पुरेसाही नाही, तो कधी येतो कधी जातो, अशा ठिकाणी काम शेवटच्या पायरीआधी अडते आणि नायट्रस ऑक्साइड साचतो. उथळ किनारी पाण्यात नेमकी हीच परिस्थिती असते. उथळपणामुळे हा वायू लवकर हवेतही जातो. शंभर वर्षांच्या हिशेबाने तो वजनास वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट उष्णता अडवतो. शिवाय उंच वातावरणातील ओझोनच्या थरालाही तो झिजवतो.

पाणी गाळून पिण्याचा संस्कार ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे, तेथे पाण्यात अदृश्य जीव असतात ही कल्पना सांगावी लागत नाही. आधुनिक विज्ञानाने त्यात जी भर घातली, ती या जीवांच्या कामाविषयीची. ते केवळ असतात एवढेच नव्हे, तर पृथ्वीवरील नत्र, गंधक, लोखंड यांची चाके तेच फिरवतात. १८८० च्या दशकात सर्गेई विनोग्रादस्की या रशियन शास्त्रज्ञाने गंधकजिवाणूंचा अभ्यास करताना दाखवले, की काही जिवाणू अन्न न खाता हायड्रोजन सल्फाइडसारख्या खनिज पदार्थाच्या ज्वलनावर जगतात. आपल्याला जे विष, ते त्यांना इंधन. नामिबियाच्या किनाऱ्यासमोर, जेथे समुद्राची अवस्था आपल्याकडच्यासारखीच असते, १९९७ साली एक असा गंधकजिवाणू सापडला जो नुसत्या डोळ्यांनी दिसतो. त्याची मोठी पेशी पाऊण मिलिमीटरपर्यंत भरते आणि आतील गंधकाच्या कणांमुळे ती मोत्यासारखी चमकते. तो आपल्या पोटातील पोकळीत नायट्रेट साठवून ठेवतो आणि प्राणवायू नसताना त्याच्या बळावर सल्फाइड जाळतो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्याच किनाऱ्यावर सुमारे ७००० चौरस किलोमीटर पाण्यात पसरलेला विषारी वायू पृष्ठभागापर्यंत पोहोचण्याआधी जिवाणूंनीच निर्विष केल्याचे दिसून आले.

आणखी एका गटाची कथा तर अधिक रंजक आहे. १९७७ साली एंगेलबर्ट ब्रोडा या ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञाने केवळ कागदावरच्या गणितातून असे भाकीत केले, की अमोनिया आणि नायट्राइट यांची सांगड घालून, प्राणवायूविना, थेट नत्रवायू बनवणारे जिवाणू असले पाहिजेत. ते कोणी पाहिलेले नव्हते. १९९० च्या दशकात नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथे, तेही सांडपाण्याच्या शुद्धीकरणाच्या टाकीत, ते सापडले. पुढे काळ्या समुद्रात आणि इतर महासागरांतही त्यांचा माग लागला. २००२ मध्ये रॉटरडॅम शहरात या जिवाणूंकडून सांडपाण्यातील नत्र काढून घेणारे पहिले मोठे संयंत्र सुरू झाले. म्हणजे समुद्र जे काम अंधारात करतो, ते माणसाने टाकीत करवून घेतले. या गोष्टीकडे आपण शेवटी पुन्हा येऊ.

तर हे सूक्ष्मजीव समुद्राचे शत्रू नाहीत. ते वरून येईल तो माल निस्तरत असतात. प्राणवायू असेल तर त्याने, नसेल तर नायट्रेटने, तेही नसेल तर सल्फेटने. त्यांचे काम कोणत्याही टप्प्यावर थांबत नाही, परंतु प्रत्येक पुढच्या टप्प्याची किंमत इतर जीव देतात. प्राणवायू घटला की पोहू शकणारे मासे किनाऱ्याकडे किंवा दूर निघून जातात. पोहू न शकणारे शिंपले, कृमी, तळाशी चिकटून राहणारे जीव तेथेच गुदमरतात. सल्फाइड आला की तो प्राण्यांच्या पेशींचे श्वसनच बंद पाडतो. या जीवांचे मरण कोणी पाहत नाही, कारण ते समुद्राच्या तळाशी असते.

यात आपला वाटा किती? या प्रश्नाचे उत्तर सावधपणे द्यायला हवे. पश्चिम किनाऱ्यासमोरचा हा ऋतू मुळात नैसर्गिक आहे. नद्यांच्या प्रदूषणाने तो जन्मला नाही. तो गोवा-कर्नाटकाच्या समोर अधिक तीव्र असतो. समुद्रावरचे मोठे हवामानही त्याला हलवते: हिंदी महासागराची द्विध्रुवी स्थिती अनुकूल असलेल्या वर्षी तळाचे पाणी फारसे वर येत नाही आणि प्राणवायू पूर्ण संपत नाही, असे २०१७ च्या एका अभ्यासातून दिसून आले. तथापि नक्वी आणि सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभीची मोजमापे नव्या मोजमापांशी ताडून पाहिली, तेव्हा अवस्था अधिक बिकट झालेली आढळली, आणि जमिनीवरून येणारा वाढता नत्र हे त्याचे एक संभाव्य कारण त्यांनी दिले. त्यावर शास्त्रज्ञांत आजही चर्चा आहे. जगभरचे चित्र मात्र निःसंदिग्ध आहे. २००८ सालच्या एका आढाव्यात प्राणवायू हरवलेली ४०० हून अधिक किनारी ठिकाणे मोजली गेली. त्यांतील बहुतेकांच्या मागे खत आणि सांडपाणी आहे. अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या मुखासमोरचा मृत प्रदेश हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. शिवाय तापणाऱ्या महासागराने १९६० पासून आपला दोन टक्क्यांहून अधिक प्राणवायू गमावला आहे. उंबरठा अरुंद असताना मागून थोडासा धक्काही पुरेसा होतो.

दहिवलीहून हा समुद्र दूर वाटतो, पण पाण्याच्या वाटेने तो फार दूर नाही. लोणावळा-खंडाळ्याच्या डोंगरात उगम पावलेली उल्हास कर्जत आणि दहिवलीच्या मधून वाहत नेरळ, बदलापूर, कल्याण असा प्रवास करते, काळू-भातसाचे पाणी सोबत घेते आणि वसईच्या खाडीवाटे समुद्राला मिळते. खालच्या टप्प्यात नदीला शहरांचे आणि उद्योगांचे पाणी मिळते, आणि कल्याणच्या अलीकडे उन्हाळ्यात नदीवर पसरणारी जलपर्णी पाण्यात किती नत्र-स्फुरद आहे, याची साक्ष देते. खाडीतला काळा, वासाचा चिखल म्हणजे याच रसायनाचे घराजवळचे रूप. उल्हासच्या वरच्या काठावर आपण आहोत. येथून खाली जे जाईल, ते खालच्यांच्या ओझ्यात भर घालील.

आता आपल्या घरचा हिशेब मांडू. एक माणूस रोज साधारण सात ते दहा ग्रॅम नत्र मलमूत्रावाटे बाहेर टाकतो. पाच जणांच्या कुटुंबाचा मधला आकडा धरला तर वर्षाकाठी सुमारे पंधरा किलो होतो. ४५ किलोच्या युरियाच्या गोणीत ४६ टक्के, म्हणजे वीस किलोंच्या वर नत्र असतो. म्हणजे एक कुटुंब वर्षाला जवळपास पाऊण गोणी युरियाइतका नत्र पाण्यात सोडते, आणि शंभर कुटुंबांची एक वसाहत सत्तर गोण्यांहून अधिक. कर्जत-नेरळ परिसरात आज ज्या वेगाने इमारती, बंगले आणि विश्रामगृहे उभी राहत आहेत, ते पाहता हा आकडा कोणत्या दिशेने जाईल, हे सांगायला नको.

साध्या शौचटाकीने हा नत्र नाहीसा होतो, अशी समजूत आहे, पण ती खरी नाही. शौचटाकीत घाण बसते आणि कुजते, नत्र मात्र बहुतांशी अमोनियाच्या रूपाने पाण्याबरोबर बाहेर पडतो. त्याचा निकाल लावायचा तर दोन खोल्यांचे काम लागते. एका खोलीत हवा फुंकून अमोनियाचे नायट्रेट करावे लागते, आणि दुसऱ्या हवाविरहित खोलीत तेच पाणी फिरवून जिवाणूंकडून नायट्रेटचा नत्रवायू करून घ्यावा लागतो. वाचकांच्या ध्यानात आले असेल, की हा समुद्रातलाच क्रम आहे. फरक इतकाच की तो आपण आपल्या टाकीत पूर्ण करतो, जेथे गुदमरायला मासे नाहीत. मोठ्या वसाहतींत सांडपाणी शुद्धीकरणाची यंत्रणा बसवलेली असते. पण विजेचे बिल वाचवण्यासाठी हवा फुंकणारी यंत्रे बंद ठेवली, तर ती यंत्रणा केवळ शोभेची उरते. लहान बंगल्यांना शौचटाकीपुढे वाळू-खडीचा, कर्दळ लावलेला वाफा करता येतो. त्याच्या मुळांशी हवेचे आणि विनाहवेचे असे दोन्ही कोपरे तयार होतात आणि बराच नत्र तेथेच निकाली निघतो.

शेतीची बाजूही अशीच समजण्यासारखी आहे. खाचरात वरून फेकलेला युरिया पाण्यात विरघळतो, वरच्या तांबूस थरात त्याचे नायट्रेट होते, ते खालच्या राखाडी थरात झिरपते आणि जिवाणू ते हवेत उडवून लावतात. उरलेले मोठ्या पावसात बांधावरून नदीत जाते. भातपिकाच्या वाट्याला टाकलेल्या नत्राचा निम्म्याहून कमी भाग येतो. कोकणात प्रचार झालेल्या चारसूत्री पद्धतीत यावर साधा उपाय आहे: भाताच्या अवशेषांचा आणि गिरिपुष्पाच्या पाल्याचा वापर, नियंत्रित अंतरावर लावणी, आणि चार चुडांच्या मध्ये युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची एक गोळी सात ते दहा सेंटीमीटर खोल खोचणे. ही गोळी थेट राखाडी थरात बसते. तेथे प्राणवायू नसल्याने अमोनियाचे नायट्रेट होत नाही, म्हणून ते उडतही नाही आणि वाहूनही जात नाही. मुळे ते सावकाश घेतात. कर्जतच्या प्रादेशिक कृषी संशोधन केंद्राने ‘कर्जत’ नावाचे भातवाण दूरवर पोहोचवले. त्याच परिसरातील शेतकऱ्यांना ही चिखलाची रीत नवी वाटू नये. खतही वाचते आणि नदीही वाचते.

पाणी घरात घेताना ते गाळून घ्यावे, गरजेपुरतेच घ्यावे, त्यातील जीवांना इजा होऊ नये, ही काळजी आपल्याकडे फार जुनी आहे. तेच पाणी घराबाहेर पडताना मात्र आपल्या ध्यानी नसते. मोरीच्या जाळीपलीकडे त्याचे काय होते, हे विचारण्याची सवय आपल्याला लागलेली नाही. घरात येणाऱ्या पाण्याची जितकी जपणूक, तितकीच घरातून जाणाऱ्या पाण्याची केली, तर त्या जुन्या काळजीचा अर्थ पुरा होईल, असे वाटते. त्यासाठी मोठ्या प्रतिज्ञांची आवश्यकता नाही. आपल्या वसाहतीच्या पुढच्या सभेत दोन प्रश्न विचारावेत: आपले सांडपाणी नेमके कोठे जाते? आणि शुद्धीकरणाची यंत्रणा दिवसातून किती तास चालते? शेत असेल, तर येत्या हंगामात निदान एका खाचरात गोळी खोचून पाहावी.

कार्तिकात वारे फिरतात. किनाऱ्यालगतचा प्रवाह उलट, उत्तरेकडे वाहू लागतो, वर आलेले थंड पाणी मागे हटते आणि समुद्रात वरपासून खालपर्यंत पुन्हा हवा खेळू लागते. तळाचे जिवाणू मोकळ्या प्राणवायूकडे परततात आणि गेलेले मासे हळूहळू माघारी येतात. ही दुरुस्ती समुद्र दरवर्षी स्वतःच करतो. ती करण्याची त्याची ताकद अबाधित राहावी, एवढी काळजी उल्हासच्या वरच्या काठावर बसून आपल्याला घेता येण्यासारखी आहे.